कॉम्फ्री लावलीय का कुणी? आणि लावली असेल तर काढता आली का?

ओली_माती · १४ एप्रिल

परवा टोमॅटोच्या धाग्यावर कुणीतरी 'कॉम्फ्री लावा, फुकटात पोटॅश' असं एका ओळीत लिहून गेलं आणि त्याखाली सहा जणांनी 'कुठे मिळेल?' विचारलं. कॉम्फ्री म्हणजे पानांच्या खतासाठी लावतात ती एक वनस्पती. वाचून मला घाम फुटला. म्हणून हा वेगळा धागा. मोठा झालाय, चहा घेऊन बसा.

आम्ही इंग्लंडात, कॉव्हेंट्रीजवळ. घरामागचं अंगण म्हणजे दोन खुर्च्या आणि कपड्यांची दोरी. त्यामुळे नगरपालिकेच्या अ‍ॅलॉटमेंटसाठी नाव लावलं होतं, तीन वर्षांनी नंबर लागला. अ‍ॅलॉटमेंट म्हणजे भाजीपाल्यासाठी थोडक्या भाड्यात मिळणारा जमिनीचा तुकडा. इथे तो अजून 'रॉड'मध्ये मोजतात. पूर्ण प्लॉट दहा रॉडचा, सुमारे २५० चौरस मीटर. आमचा अर्धा, म्हणजे सव्वा गुंठा. बाबांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "सव्वा गुंठ्यासाठी तीनच वर्षं? इथे भावकीत तीस वर्षं जातात."

प्लॉटच्या एका कोपऱ्यात गुडघाभर उंचीचा, जाड केसाळ पानांचा मोठा झुबका होता. आम्हाला वाटलं, तण. नवऱ्याने रोटाव्हेटर भाड्याने आणला आणि दोन तासांत सगळी जमीन रव्यासारखी भुसभुशीत करून टाकली. शेजारच्या प्लॉटवरचे आजोबा फावड्यावर हात टेकून सगळं बघत होते. मशीन बंद झाल्यावर शांतपणे म्हणाले, "अभिनंदन. तुम्ही कॉम्फ्रीची शेती सुरू केलीत."

तेव्हा कळलं नाही. मे महिन्यात कळलं. गाजराच्या वाफ्यातून, लसणाच्या ओळीतून, पायवाटेच्या मधोमध केसाळ कोंब वर आले. कॉम्फ्रीच्या मुळाचा बोटाच्या पेराएवढा तुकडा जमिनीत राहिला तरी त्याचं नवं झाड होतं, आणि आम्ही यंत्र लावून तिचे शेकडो तुकडे सव्वा गुंठाभर समान वाटले होते. पहिल्या वर्षी साठपर्यंत मोजले, मग सोडून दिलं. दुसऱ्या वर्षी अडतीस. यंदा एकोणीस. काढते आहेच.

एवढं होऊनही आज माझ्या प्लॉटवर चार झाडं मी मुद्दाम ठेवलीत आणि ती मला हवी आहेत. म्हणून दोन्ही बाजू सांगते.

ही बहुवर्षायू वनस्पती. थंडीत वरचं सगळं मरतं, मार्चमध्ये जमिनीतून पुन्हा फुटते. बागेत लावतात ती बहुतेक रशियन कॉम्फ्री, दोन जातींचा संकर. तिची गोष्ट मजेशीर आहे. एसेक्समधल्या कॉगशॉलचा हेन्री डबलडे (१८१०–१९०२) हा ख्रिश्चनांतल्या क्वेकर पंथाचा माणूस. पोस्टाच्या तिकिटांना मागे लावायला डिंक हवा, तो कॉम्फ्रीच्या चिकट मुळापासून होईल असं त्याच्या डोक्यात. म्हणून १८७०च्या दशकात त्याने सेंट पीटर्सबर्गच्या राजवाड्याच्या बागेतून रोपं मागवली. डिंकाचं काही जमलं नाही. पण आलेली रोपं संकरित निघाली आणि अशी काही वाढली की गडी तिकिटं विसरला आणि उरलेलं आयुष्य या झाडामागे लागला. आयर्लंडमधला बटाट्याचा दुष्काळ त्या पिढीने पाहिलेला. या झाडावर भुकेली माणसं आणि गुरं जगतील असं त्याला वाटायचं.

पुढे १९५४मध्ये लॉरेन्स हिल्स नावाच्या माळ्याने त्याच एसेक्समध्ये, बॉकिंग गावी जमीन भाड्याने घेऊन कॉम्फ्रीचे वेगवेगळे वाण निवडले आणि त्यांना नुसते नंबर दिले. त्यातला चौदावा, बॉकिंग १४, आज जगभर बागांत आहे. तो वांझ आहे, बी धरत नाही, म्हणजे निदान बियांनी तरी पसरत नाही. हिल्सने सेंद्रिय बागकामाची संस्था काढली तिला नाव डबलडेचं दिलं. तीच आता गार्डन ऑरगॅनिक. १९८०च्या दशकात ती आमच्या इथून जवळच्या रायटनला आली, त्यामुळे इथल्या जुन्या बागवाल्यांपुढे कॉम्फ्रीबद्दल वाकडं बोलायची सोय नाही.

उपयोग काय? पान. पानात पोटॅश भरपूर, नत्रही बऱ्यापैकी, आणि धागा कमी, त्यामुळे कुजतं झटकन. कापून एक दिवस सुकवायचं आणि बटाट्याच्या चरात अंथरायचं, टोमॅटोच्या बुडाशी आच्छादन घालायचं, नाहीतर खताच्या ढिगात थर द्यायचा. सगळ्यात उत्तम म्हणजे अर्क. त्याच्या दोन पद्धती आहेत. त्यातली एक मी केली आणि शेजार दुरावला. ते उद्या लिहिते, लेकीला क्लासवरून आणायचंय.

---

वांगीभात · १४ एप्रिल

ताई, कुठे आणून सोडलंत! उद्या नक्की लिहा.

मी कोथरूडला, गच्चीवर पंधरा-वीस कुंड्या. मी मागच्या वर्षी ऑनलाइन 'बॉकिंग १४चं अस्सल बी' मागवलं होतं, २० बिया. सात उगवल्या. मोठ्या झाल्यावर त्यांना पिवळी फुलं आली. आता तुमचं 'वांझ आहे, बी धरत नाही' वाचून मी भिंतीकडे बघत बसलोय.

---

ओली_माती · १४ एप्रिल

अरेरे. बॉकिंग १४चं बी विकणारा म्हणजे वांझ म्हशीचं दूध विकणारा. ते फक्त मुळाच्या तुकड्याने किंवा गड्डा फोडूनच लावतात. पिवळ्या फुलांचं काय निघालं?

---

वांगीभात · १४ एप्रिल

आईने बघून सांगितलं, मोहरी.

---

टेकडीवरचा · १५ एप्रिल

=)) मोहरीची फोडणी तरी झाली.

मी ब्रिस्टलला. आमच्याकडे जंगली कॉम्फ्री ओढ्याकाठी रानोमाळ आहे, क्रीम रंगाची आणि जांभळी. बागेसाठी कुणी 'ओढ्यावरून उपटून आणतो' म्हणालं तर दोन गोष्टी. पहिली, ती बी धरते, मग ओली_मातींचे साठ म्हणजे काहीच नाही. दुसरी जास्त महत्त्वाची: फुलं नसताना कॉम्फ्री आणि फॉक्सग्लव्ह यांची पानं गोंधळात टाकतात. फॉक्सग्लव्ह म्हणजे डिजिटॅलिस, हृदयाचे ठोके बिघडवणारं विष. कॉम्फ्री समजून त्याचा काढा प्यायलेली माणसं दवाखान्यात पोचलेली आहेत. कॉम्फ्रीचं पान हाताला टोचतं, कडा सरळ असते. फॉक्सग्लव्हचं पान मऊ लोकरीसारखं आणि कडेला बारीक दाते.

आता गंमत. फुलं आली की अर्धा तास शेजारी बसा. लांब जिभेच्या भुंगेमाश्या फुलाच्या तोंडातून सरळ आत जातात. आखूड जिभेच्या माश्यांची जीभ तळापर्यंत पोचत नाही, मग त्या फुलाच्या नळीला वरच्या बाजूने दाताने भोक पाडतात आणि मागच्या दाराने मध चोरतात. त्याच भोकातून नंतर साध्या मधमाश्याही हात धुवून घेतात. एका झुबक्यात भोक नसलेलं फूल शोधून दाखवा, माझ्याकडून चहा.

आणि आमच्या भागात वसंतात पानांवर काळ्या, केसाळ, पिवळे-पांढरे ठिपके असलेल्या अळ्या दिसतात. मारू नका. ते स्कार्लेट टायगर पतंगाचं बाळ आहे. मोठा झाला की काळे पंख आणि उडताना आतून लालभडक. पानं खातात, पण कॉम्फ्रीला फरक पडत नाही. तिला कशानेच पडत नाही.

---

ओली_माती · १५ एप्रिल

तर अर्क.

पद्धत एक, पाण्यातली. १५ लिटर पाण्यात किलोभर पानं टाकून झाकण लावायचं आणि महिनाभर विसरायचं. मी पिंप प्लॉटच्या कडेला ठेवलं. कड आमची, पण त्यापलीकडे एका बाईंचं बसायचं बाक. चौथ्या आठवड्यात मी झाकण उघडलं. मंडळी, मी मालवणची आहे. सुकट, बांगडा, उन्हात पडलेलं जाळं, सगळ्याची सवय आहे. तरी मी मागे सरले. मेलेल्या माशात गोठ्याचं पाणी मिसळून पिंपभर ठेवल्यावर जे होईल ते. बाई उठून गेल्या, त्या त्या उन्हाळ्यात परत बसल्या नाहीत. शिवाय पानांच्या शिरांनी पिंपाची तोटी तुंबली. ती मोकळी करताना जे अंगावर आलं त्यानंतर घरी नवऱ्याने मला मागच्या दाराने घेतलं.

पद्धत दोन, बिनपाण्याची. ही आजोबांची. त्यांच्या शेडच्या भिंतीला चार इंची ड्रेनपाइपचा उभा तुकडा ठोकलाय, मीटरभर लांब. खाली टोपण, टोपणाला एक भोक, भोकाखाली जॅमची बरणी. वरून पानं कोंबायची. मग पाण्याने भरलेली प्लास्टिकची बाटली दोरीला बांधून वजन म्हणून आत सोडायची. पानं बसत जातात, बाटली खाली उतरत जाते, वर जागा झाली की आणखी पानं. दहा-बारा दिवसांनी पहिला थेंब. मी बघत उभी होते. भोकाच्या तोंडाशी तो जमत जमत मोठा झाला, लोंबला, आणि तुटायच्या आधी त्याची लांब तार निघाली. अगदी काकवी. रंगही तोच, काळपट तांबडा. वास येतो, पण बरणीत नाक घातलं तरच.

एका बरणीला पंधरा बरण्या पाणी. टोमॅटोला पहिल्या घोसात फळ धरलेलं दिसलं की आठवड्यातून एकदा. त्याआधी आणि लहान रोपांना देऊ नका.

लावायची तर: मुळाचा करंगळीएवढा तुकडा, दोन इंच खोल, दोन झाडांत दोन ते तीन फूट. पहिल्या वर्षी पान कापायचं नाही, फुलाचा दांडा आला तर खुडायचा. दुसऱ्या वर्षापासून चार वेळा तरी कापणी होते, जमिनीपासून दोन बोटं वर. सप्टेंबरनंतर हात लावायचा नाही. हातमोजे घाला, केस टोचून हात रात्रभर खाजतो. आणि जागा अशी निवडा की तिथे दुसरं काही लावायचा विचार नातवंडांच्याही मनात येणार नाही.

---

शंकासुर · १६ एप्रिल

लेख छान, पण एक सरळ प्रश्न. 'कॉम्फ्रीची मुळं खोल जाऊन पाताळातली खनिजं वर आणतात' असं सगळीकडे लिहिलेलं असतं. पोटॅश पानात आलं म्हणजे ते कुठून तरी गेलंच ना? जमिनीत नसेल तर येणार कुठून? म्हणजे एका खिशातून काढून दुसऱ्या खिशात.

---

ओली_माती · १६ एप्रिल

बरोबर. कॉम्फ्री हवेतलं नत्रही धरत नाही, ती काही शेंगवर्गीय नाही. मुळं खोल जातात, त्यामुळे भाजीच्या मुळांना न पोचणारं थोडंफार वर येत असेल. पण कापून कापून नेलं तर तिलाही खायला घालावं लागतं, चांगलं दणकून. मी कोंबडखत घालते. आजोबा संध्याकाळी बुंध्याशी एका झाकणाच्या डब्यातून काहीतरी ओततात. काय ते मी विचारत नाही, आणि मी विचारू नये असं त्यांनाही वाटतं.

खिशातल्या खिशात हे मान्य. पण ज्या कोपऱ्यात सावली आहे, चिखल आहे, काहीच पिकत नाही, त्या खिशातून काढून टोमॅटोच्या खिशात गेलं तर माझी हरकत नाही.

---

शंकासुर · १६ एप्रिल

हे पटलं. (नोंद घ्या, मला क्वचित पटतं.)

---

जरीकाठ · १९ एप्रिल

बागेचा प्रश्न नाही, पण कॉम्फ्रीचा धागा दिसला म्हणून इथेच विचारते. नाशिकला माझी आत्या पडली, मनगट मोडलं, प्लास्टर आहे. वय ७१. भाच्याने तिकडून 'कॉम्फ्री टी'चं पाकीट पाठवलंय, आणि घरच्या ग्रुपवर फॉरवर्ड फिरतंय की इंग्लंडात याला 'हाड जोडणारी' म्हणतात, दिवसातून तीन कप घ्या. आत्याला गोळ्यांपेक्षा हे बरं वाटतंय. चालेल ना?

---

औषधवाला · १९ एप्रिल

नाही. पाकीट फोडलं असेल तर आजच बंद करा.

मी फार्मसिस्ट, २२ वर्षं काउंटरमागे. 'हाड जोडणारी' हे नाव खरंच आहे आणि जुनं आहे. लॅटिन नावाचाही अर्थ एकत्र वाढणं, जुळणं असाच. पूर्वी मूळ किसून त्याचा लगदा मोडलेल्या हाडाभोवती थापत. वाळला की कडक होई, म्हणजे प्लास्टरच. आत्यांना ते आधीच घातलंय. मुळात अ‍ॅलन्टॉइन नावाचा घटक असतो, तो त्वचेच्या पेशींच्या वाढीला मदत करतो. इतपत ठीक.

पण याच झाडात पायरोलिझिडिन अल्कलॉइड्स असतात. पोटात गेली की यकृतात त्यांचं विष तयार होतं आणि यकृतातल्या बारीक शिरा बंद पडायला लागतात. हे एका कपाने दिसत नाही, साठत जातं, आणि पोटात पाणी झाल्यावर लक्षात येतं. मुळात सगळ्यात जास्त, कोवळ्या पानातही बरंच. जुलै २००१मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न-औषध खात्याने, पोटात घ्यायची कॉम्फ्रीची उत्पादनं बाजारातून काढायला उत्पादकांना सांगितलं ते यासाठीच. उकळल्याने, वाळवल्याने ते जात नाही.

बाहेरून लावायचं मलम वेगळी गोष्ट. जर्मनीत घोट्याच्या मुरगळीवर मुळाच्या मलमाच्या चाचण्या झाल्यात, दुखणं आणि सूज कमी झालेली दिसली. तेही न फुटलेल्या त्वचेवर, थोडेच दिवस. जखमेवर नाही, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना नाही, लहान मुलांना नाही. घरी पानं वाटून थापायचा प्रयोग करू नका.

---

जरीकाठ · १९ एप्रिल

बाप रे. थँक्यू दादा. दोनच कप झाले होते. लगेच फोन केला. आत्या म्हणाली, "तरीच, चव गवताच्या पेंढीची होती." पाकीट ठेवलंय बाजूला. जाता जाता, आपली कांडवेल, तिला पण हाडसांधी म्हणतात, तीच का ही?

---

औषधवाला · २० एप्रिल

अजिबात नाही. कांडवेल द्राक्षाच्या कुळातली, चौकोनी कांड्यांची वेल. कॉम्फ्री वेगळ्याच कुळातली. दोघींना हाडावरून नाव पडलं एवढंच साम्य. आणि ७१ वर्षांच्या बाईंना कांडवेलीचा रस सुरू करण्याआधीही त्यांच्या डॉक्टरांना विचारा. बाकीची औषधं चालू असतील.

हाड सांधायला वेळ लागतोच. तेवढा द्या.

---

गोधडी · २० एप्रिल

अवांतर. त्या डबलडेच्या डिंकावरून आठवलं. आमच्या अमरावतीकडे लहानपणी भोकराच्या पिकल्या फळातला चिकट गर काढून आम्ही पतंग आणि फाटलेल्या वह्या चिकटवायचो. कोरडा झाला की सुटायचा नाही, फक्त मुंग्या यायच्या. माझा भाऊ बॉटनीचा मास्तर आहे, त्याला विचारलं तर म्हणाला, भोकर आणि कॉम्फ्री एकाच गोतावळ्यातली. जुन्या पुस्तकांत एकच कूळ, हल्ली काहीजण भोकराला वेगळं काढतात. म्हणजे तो साहेब तिकिटं चिकटवायला रशियापर्यंत गेला आणि त्याच्या झाडाचा चिकट चुलतभाऊ आमच्या शाळेमागे उभा होता.

भोकराचं लोणचं कुणाला येतं का नीट? माझं बुळबुळीत होतं.

---

ओली_माती · २० एप्रिल

गोधडी, हे वाचून दिवस चांगला गेला. बी काढताना फोडीत मीठ चोळून घे, आई तसंच करते. बाकी लोणच्याच्या धाग्यावर.

---

वांगीभात · २७ एप्रिल

मोहरीप्रकरणानंतरही माझी खुमखुमी गेली नाही. मावसबहीण लीड्सहून मेमध्ये येतेय. तिला म्हटलं, बॉकिंगचे दोन तुकडे मोज्यात गुंडाळून आण. आणू दे ना?

---

औषधवाला · २७ एप्रिल

विमानतळावर मोजा उघडायला लावतील. परदेशातून रोप, मूळ, बी आणायला २००३च्या प्लांट क्वारंटाइन ऑर्डरप्रमाणे आयात परवाना आणि तिकडच्या खात्याचं रोगमुक्तीचं प्रमाणपत्र लागतं. उगाच नाही ते. मुळाबरोबर माती येते आणि मातीबरोबर काय काय येतं.

---

टेकडीवरचा · २७ एप्रिल

शिवाय ही ओल्या, थंड मातीतली बाई. पुण्याच्या एप्रिलमध्ये गच्चीवरच्या कुंडीत तिला ठेवणं म्हणजे आमच्या आजीला दुबईत ठेवणं. आणि कुंडीत तिचं मूळ मावत नाही. तुला कॉम्फ्री नकोय मित्रा, तुला पोटॅश हवंय.

---

केळीचा_घड · २८ एप्रिल

टेकडीवरचे बोलले ते बराबर. मी रावेरचा. गेले आठ दिवस वाचतोय आणि हसतोय. पोटॅशसाठी एवढं रामायण? केळीचं खोड बघा की.

घड कापला की खोड उरतं. आमच्याकडे पूर्वी बांधावर फेकून द्यायचे, कुजत पडायचं. खोडात पाणीच पाणी आणि त्या पाण्यात पोटॅश. केळ जमिनीतून पोटॅश ओढण्यात एक नंबर, म्हणून तर खताच्या बिलात आमचं कंबरडं मोडतं. शेजारी गुजरातेत नवसारी कृषी विद्यापीठाने खोडाच्या रसाचं द्रवखत बनवून बाजारात आणलं. आम्ही घरच्या घरी करतो ते साधं आहे. खोडाच्या वीतभर चकत्या, त्यांचे बारीक तुकडे, ड्रममध्ये पाणी, मूठ-दोन मूठ गूळ, शेणाचा एक गोळा. रोज एकदा काठीने ढवळायचं. पंधरा दिवसांनी गाळून दहापट पाण्यात. वास येतो पण ताईंच्या पिंपासारखा नाही, ताडीसारखा येतो.

पुण्यात खोड नसेल तर भाजीमंडईत केळीवाल्याला विचारा, घडाचा दांडा फेकूनच देतात. तोही चालतो. एकच सांगतो, पांढरा शर्ट घालून कापू नका. केळीच्या चिकाचा डाग शर्ट फाटेपर्यंत जात नाही.

---

वांगीभात · २८ एप्रिल

दादा, जिंकलंत. मार्केट यार्डला चाललो.

---

गोधडी · २८ एप्रिल

आणि नत्रासाठी गिरिपुष्प आहेच की. आमच्या सासरी साताऱ्याकडे बांधावर लावतात, उंदीरमारी म्हणतात. छाटायची, पाला वाफ्यात टाकायचा, पुन्हा फुटते. कॉम्फ्रीचंच काम, पण झाड शेंगवर्गीय, हवेतलं नत्र धरणारं. शंकासुरांच्या दोन खिशांचा प्रश्न निदान नत्रापुरता तरी सुटला.

---

मावशी_ओहायो · ३ मे

इकडे थंडीत पारा उणे वीसला जातो, तरी कॉम्फ्री दर वर्षी उठते. माझ्याकडे बॉकिंग ४, कोंबड्यांसाठी म्हणून घेतली होती. औषधवाल्यांचं वाचल्यापासून कोंबड्यांना देणं बंद, आता सगळा पाला खतात. कोंबड्या नाराज.

---

वांगीभात · २१ जून

अपडेट. खोडाचं पाणी पाच आठवडे दिलं. टोमॅटोची फुलगळ कमी झालीय का? हो, वाटतंय. खतामुळे की पाऊस पडल्यामुळे? शंकासुर विचारायच्या आधीच सांगतो, माहीत नाही. सगळ्या कुंड्यांना दिलं, एखादी तशीच ठेवायला हवी होती.

पांढरा शर्ट घातला होता.

---

शंकासुर · २१ जून

पुढच्या वेळी चार कुंड्या बिनखोडाच्या ठेव. एकाच बॅचची रोपं, एकाच बाजूचं ऊन. मी वही पाठवतो.

---

जरीकाठ · २ जुलै

आत्याचं प्लास्टर निघालं, हाड जुळलंय. आता फिजिओथेरपी. ते चहाचं पाकीट तिने अंगणातल्या जास्वंदीच्या मुळाशी रिकामं केलं. म्हणाली, हिला यकृत नाही.

---

ओली_माती · ९ एप्रिल

वर्ष होत आलं, धागा वर काढतेय.

आजोबांचे गुडघे गेले, त्यांनी प्लॉट सोडला. जायच्या आधी ड्रेनपाइप भिंतीवरून काढून आमच्या शेडला स्वतः ठोकून दिला. स्क्रूही त्यांचेच. बाटली तीच, दोरी नवी बांधली.

पिंपापलीकडच्या बाई परत बाकावर बसायला लागल्यात. टोमॅटो नेऊन दिले होते.

आणि मोजणी. काल आम्ही दोघं प्लॉटभर फिरलो. मी मोजले अकरा, नवरा म्हणाला बारा. परत फिरलो. बारावं कुंपणाच्या कडेला होतं, नुकतं फुटलेलं, लांबून अगदी तसंच. मी हातमोजा काढून पानाला एक बोट लावलं. टोचलं नाही. मऊ, लोकरीसारखं, आणि कडेला बारीक दाते.

अकराच. बारावं फॉक्सग्लव्ह होतं. मी आधी जाऊन हात धुतले, मग हातमोजे घालून ते काढलं.